‘इन द लाइमलाइट’ : चुन्याचा उजेड आणि ‘द’ची जागा

रात्रशाळेत इंग्रजी शिकवायला लागून मला एकवीस वर्षं झाली. वर्ग साडेसहाला भरतो. मुलं कामावरून थेट येतात, कुणाच्या नखांत ग्रीस, कुणाच्या बाहीला मैदा. मागच्या वर्षी दहावीच्या वर्गात एका उताऱ्यात ‘इन द लाइमलाइट’ आलं. मी अर्थ विचारला. कुर्ल्याला रसवंतीवर काम करणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, लिंबाचा लाइट. आमच्या गाडीवर लावतात ना, हिरवट असतो तो.”

कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना तसंच वाटत होतं. ‘लाइम’ म्हणजे लिंबू, हे सरबताच्या बाटलीवरून पाठ झालेलं असतं. मी त्याला विचारलं, “तू राहतोस कुठे?” तो म्हणाला, “चुनाभट्टी.” मी म्हटलं, “मग उत्तर तुझ्या पत्त्यातच आहे, बाळा.”

इंग्रजीत ‘लाइम’ हा शब्द लिंबालाही आहे आणि चुन्यालाही. दोन वेगळे शब्द, स्पेलिंग तेवढं एक. ‘लाइमलाइट’मधला लाइम चुन्याचा. चुना तापून पडलेला उजेड, तो लाइमलाइट. आणि ‘इन द लाइमलाइट’ म्हणजे त्या झोतात, सगळ्यांच्या नजरांत असणं. हे एवढं डोळ्यांसमोर आलं की या वाक्प्रचारात होणाऱ्या बहुतेक चुका आपोआप थांबतात. म्हणून मी आधी चुना शिकवते, व्याकरण नंतर. इथेही तसंच करते.

आमच्या चाळीत दिवाळीआधी भिंतींना चुना काढायचे. वडील कळीचा चुना आणायचे, पांढरे करकरीत खडे. ते पत्र्याच्या डब्यात टाकून वरून पाणी ओतलं की पहिलं मिनिटभर काहीच व्हायचं नाही. मग एक खडा तडकायचा, मग दुसरा, आणि बघता बघता सगळा डबा रटरटायला लागायचा, चुलीवर ठेवल्यासारखा. खाली विस्तव नाही आणि वर वाफ. आई आम्हाला दंड धरून मागे ओढायची, डोळ्यात उडेल म्हणून. चुना निवला की त्यात नीळ आणि डिंक घालून वडील कुंचला हाती घ्यायचे. ती वाफ ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळीच्या चुन्यात केवढी धग दडलेली असते हे सांगावं लागत नाही.

लाइमलाइटमध्ये मात्र पाणी नाही, आग आहे. ऑक्सिजन आणि हायड्रोजन हे दोन वायू एकत्र जाळले की अतिशय प्रखर ज्योत मिळते. ही ज्योत देणारी फुंकनळी 1820 च्या दशकात कॉर्नवॉलच्या गोल्ड्सवर्दी गर्नी यांनी पुढे आणली. ती ज्योत कळीच्या चुन्याच्या तुकड्यावर सोडली की चुना वितळत नाही, कारण तो अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरातली उष्णताही सोसतो. तो नुसता उजळतो, पांढराशुभ्र, डोळे दिपतील असा. ज्यांनी गॅसबत्ती पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. तिच्यातही खरा उजेड ज्योतीचा नसतोच, तापलेल्या जाळीचा असतो.

हा उजेड गाजला तो टॉमस ड्रमंड या स्कॉटिश अभियंत्यामुळे. आयर्लंडची मोजणी चालू होती आणि दोन डोंगरांमधलं अंतर इतकं होतं की एकीकडची खूण दुसरीकडून दिसेना. 1825 मध्ये ड्रमंडने डोनेगलमधल्या एका डोंगरावर चुन्याचा दिवा पेटवला आणि तो बेलफास्टजवळच्या डोंगरावरून दिसला, म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त अंतरावरून. पुढे लोक त्याला ‘ड्रमंड लाइट’च म्हणायला लागले. फुंकनळीवाले गर्नी बाजूला राहिले. वर्गात मी याचंच पहिलं वाक्य करून देते: ‘गर्नी मेड द फ्लेम, बट ड्रमंड गॉट द लाइमलाइट.’ गर्नींनी ज्योत दिली, नाव मात्र ड्रमंडचं झालं.

1837 मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात हा दिवा रंगमंचासाठी वापरला गेला, आणि आपल्या वाक्प्रचाराचा जन्म तिथला. त्याआधी नाटकं मेणबत्त्या, तेलाचे दिवे आणि मग गॅसचे दिवे यांच्यावर चालायची. तो उजेड सगळीकडे सारखा पसरायचा, राजावर जेवढा तेवढाच भालदारावर. चुन्याच्या दिव्यापुढे भिंग लावलं की उजेडाचा एकच झोत निघायचा आणि तो हवा त्या नटावर पाडता यायचा. बाकीचे तिथेच उभे असायचे, बोलतही असायचे, पण डोळे झोतातल्या माणसाकडेच जायचे.

त्या प्रत्येक दिव्याशी एक माणूस बसवावा लागायचा. ज्योत चुन्याला खाते, एकाच जागी लागली की तिथे खळगा पडतो आणि उजेड मंदावतो. म्हणून तो माणूस चुन्याची कांडी हळूहळू फिरवत राहायचा, वायूच्या पिशव्यांवरचा दाब सांभाळायचा आणि नट चालेल तसा झोत वळवायचा. वायूंचा खेळ धोक्याचाच होता. पुढे विजेचे दिवे आले. 1881 मध्ये लंडनचं सॅव्हॉय नाट्यगृह सगळंच्या सगळं विजेवर उजळलं आणि चुना मागे पडत गेला. ब्रिटनमधले नाट्यकर्मी मात्र नटामागे फिरणाऱ्या दिव्याला अजूनही ‘लाइम’ म्हणतात.

मला हे सगळं शिकवताना नेहमी वरात आठवते. नवरदेव घोड्यावर, आणि दोन्ही बाजूंनी डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणाऱ्या बायका. उजेड त्यांच्याच डोक्यावर, पण त्यांचा चेहरा कुणाला दिसत नाही. दिसतो तो फेटा, मुंडावळ्या, नवरदेव. लाइमलाइट हा असा असतो. तो आपला नसतो, दुसरा कुणीतरी आपल्यावर धरतो, आणि वरात पुढे सरकली की जागा अंधारात जाते. एवढं मनात ठेवा आणि आता वाक्यांकडे या.

झोत एकच, म्हणून ‘द’

आपल्याकडे सगळ्यात जास्त होणारी चूक ही: ‘ही केम इन लाइमलाइट.’ मराठी बातम्यांत आपण ‘लाइमलाइटमध्ये आला’ असं वाचतो, तिथून ‘द’ गळतो. पण रंगमंचावरचा तो एक ठरावीक झोत आहे, सगळ्यांना माहीत असलेला. म्हणून इंग्रजीत ‘द लाइमलाइट’ असंच येतं. ‘अ लाइमलाइट’ नाही, ‘लाइमलाइट्स’ नाही. मध्ये विशेषण घातलं तरी ‘द’ हलत नाही: ‘द मीडिया लाइमलाइट’, ‘द पोलिटिकल लाइमलाइट’. लिहिताना तो एकच शब्द आहे, मध्ये जागा सोडायची नाही, रेघ द्यायची नाही. आणि बोलताना जोर पहिल्या ‘लाइम’वर.

आत असणं आणि आत येणं

झोतात माणूस उभा असतो, म्हणून ‘इन’. झोताबाहेरून झोतात पाऊल टाकतो, तेव्हा ‘इनटू’. झोतातून बाहेर जातो, तेव्हा ‘आउट ऑफ’. वरातीतला घोडा डोळ्यांसमोर ठेवला तर ही तीन अव्ययं पाठ करावी लागत नाहीत. ‘अंडर द लाइमलाइट’ असं आमची मुलं फार लिहितात, ‘दिव्याखाली’ या मराठी सवयीने. ते टाळा. ‘अंडर’ हवंच असेल तर ‘अंडर द स्पॉटलाइट’ चालतं, पण त्याचा रंग वेगळा आहे, त्याकडे पुढे येते.

खऱ्या माणसांवरून वाक्यं केली की ती मनात राहतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे घ्या. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्याला कांस्यपदक मिळालं. नेमबाजांच्या वर्तुळात तो आधीपासून ओळखीचा होता, पण आमच्या वर्गातल्या एकालाही त्या दिवसापर्यंत त्याचं नाव ठाऊक नव्हतं. म्हणून: ‘स्वप्नील कुसाळे केम इनटू द लाइमलाइट इन ऑगस्ट 2024.’ गावाबद्दल म्हणायचं असेल तर: ‘हिज मेडल ब्रॉट कांबळवाडी इनटू द लाइमलाइट.’

आता त्याच्याबरोबर खाशाबा जाधव घ्या, कराडजवळच्या गोळेश्वरचे. 1952 मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आले तेव्हा त्यांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली. मग पोलिसात नोकरी केली, 1984 मध्ये अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. वर्गात हे सांगताना माझा आवाज अजून जड होतो. त्यांच्याबद्दल असं लिहायचं: ‘आफ्टर 1952, खाशाबा जाधव स्पेंट मोस्ट ऑफ हिज लाइफ आउट ऑफ द लाइमलाइट.’

इथे एक मुलगी नेमकं विचारून गेली. “बाई, पण ते तर प्रसिद्ध आहेत ना?” आहेत. म्हणूनच ही जोडी मी मुद्दाम घेते. ‘फेमस’ असणं आणि ‘इन द लाइमलाइट’ असणं यात फरक आहे. फेमस म्हणजे लोकांना नाव ठाऊक असणं, ते वर्षानुवर्षं टिकू शकतं. लाइमलाइट म्हणजे आत्ता, या घटकेला सगळ्यांच्या नजरा अंगावर असणं. खाशाबा आज फेमस आहेत, पण रोज लाइमलाइटमध्ये नाहीत. कुसाळेने 72 वर्षांनी महाराष्ट्राला पुन्हा वैयक्तिक पदक मिळवून दिलं त्या आठवड्यात मात्र सगळीकडे खाशाबांचं नाव आलं: ‘द मेडल ब्रॉट खाशाबाज नेम बॅक इनटू द लाइमलाइट.’ गेलेल्या माणसाच्या नावावरही झोत परत पडू शकतो, आणि त्यासाठी इंग्रजीत हे ‘बॅक इनटू’ आहे. त्या मुलीने हे वाक्य वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय.

क्रियापदं, आणि त्यांचं मराठी

झोत हिसकावता येतो, वाटून घेता येतो, चुकवता येतो. क्रियापदं सगळी इथूनच आली आहेत.

‘स्टील द लाइमलाइट’ला मराठीत फार सुंदर जोड आहे: भाव खाऊन जाणे. वरातीत नवरदेवाच्या आजीने असा ठेका धरला की सगळा भाव तीच खाऊन गेली: ‘द ग्रूम्स ग्रँडमदर स्टोल द लाइमलाइट.’ ‘स्टील’ म्हणजे चोरणे, पण इथे आरोप नाही, बहुतेक वेळा कौतुकच असतं. कुणाकडून हिसकावलं ते सांगायचं असेल तर ‘फ्रॉम’ लावा, ‘फ्रॉम द ग्रूम’.

‘हॉग द लाइमलाइट’मध्ये मात्र दोष आहे. हॉग म्हणजे डुक्कर, आणि क्रियापद झालं की अर्थ होतो सगळं आपल्याच पुढ्यात ओढून घेणं. मंडळाच्या कार्यक्रमात माईक धरला की खाली न ठेवणारा माणूस आठवा. हे शब्द कुणाच्या तोंडावर वापरू नका, लागतात. आणि याचं मराठी करताना ‘श्रेय लाटणे’ लिहू नका. श्रेय म्हणजे क्रेडिट. दुसऱ्याच्या कामाचं श्रेय घेणाऱ्याला ‘ही टुक द क्रेडिट’. लाइमलाइट हा नजरांचा मामला आहे, श्रेयाचा नाही. एखादा माणूस लाइमलाइट हॉग करूनही श्रेय दुसऱ्याला देऊ शकतो, तासभर भाषण ठोकून.

‘शेअर द लाइमलाइट’ सोपं आहे, ‘विथ’ घेऊन येतं. ‘बास्क इन द लाइमलाइट’मध्ये बास्क म्हणजे ऊन खात बसणं, म्हणजे मिरवणं, सुखावणं. ‘थ्रस्ट इनटू द लाइमलाइट’ म्हणजे माणसाची इच्छा नसताना त्याला झोतात ढकललं जाणं. लोकलमध्ये सहज गुणगुणणाऱ्या कुणाचा तरी व्हिडिओ सहप्रवासी काढतो, सकाळपर्यंत तो सगळीकडे फिरतो, त्या माणसाला ‘ही वॉज थ्रस्ट इनटू द लाइमलाइट’ हे वाक्य चपखल बसतं. इथे ‘केम’ लिहिलंत तर तो स्वतःहून आला असं होईल, आणि ते त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

आणि माझं सगळ्यात आवडतं, ‘शन द लाइमलाइट’, किंवा त्याहून मवाळ, ‘शाय अवे फ्रॉम द लाइमलाइट’. मराठीत यासाठी एकच शब्द पुरतो: प्रसिद्धीपराङ्मुख. उच्चारायला अवघड, पण केवढा नेमका! पराङ्मुख म्हणजे तोंड फिरवलेला. झोत आला की जो तोंड फिरवतो, तो. ‘शन’मध्येही हेच तोंड फिरवणं आहे. मात्र फक्त पडद्यामागे काम करतो एवढंच सांगायचं असेल तर ‘बिहाइंड द सीन्स’ वापरा. पडद्यामागे असणारा प्रत्येक जण प्रसिद्धीपराङ्मुख असतोच असं नाही. कित्येकांना कुणी पुढे बोलावलेलंच नसतं.

जिथे मराठी आपल्याला चकवते

प्रकाशझोतात येणे, हे मराठी ‘इन द लाइमलाइट’शी तंतोतंत जुळतं. पण ‘प्रकाशझोत टाकणे’ वेगळं. ‘लेखिकेने गिरणी कामगारांच्या प्रश्नांवर प्रकाशझोत टाकला’ याचं इंग्रजी ‘थ्रू लाइमलाइट ऑन’ असं आमच्या एका मुलाने केलं होतं. ते चूक. तिथे ‘शेड लाइट ऑन’ पाहिजे, म्हणजे विषय समजावून दिला, उलगडला. लाइमलाइट माणसाला दिसण्याजोगं करतो, विषय उलगडत नाही.

दुसरा चकवा ‘चर्चेत असणे’. एखाद्या पुलाची निविदा चर्चेत असेल तर ‘इन द न्यूज’ म्हणा. आणि चौकशी, तपासणी, जाब अशी छटा असेल तर ‘स्पॉटलाइट’ बरा: ‘द अ‍ॅक्सिडेंट पुट द स्पॉटलाइट ऑन सेफ्टी.’ लाइमलाइटमध्ये कौतुकाची, निदान उत्सुकतेची ऊब असते. स्पॉटलाइटमध्ये ती असेलच असं नाही.

‘चुना लावणे’चा याच्याशी काहीही संबंध नाही, हे दर वर्षी सांगावं लागतं.

आणि हा वाक्प्रचार कुठे वापरू नये तेही सांगते, कारण यात एका मुलीचं नुकसान होता होता राहिलं. तिने नोकरीच्या अर्जात लिहिलं होतं, ‘आय वाँट टू कम इन लाइमलाइट ऑफ युवर कंपनी.’ तिला म्हणायचं होतं की माझं काम लोकांच्या नजरेत यावं. वाचणाऱ्याला वाटलं असतं, हिला मिरवायचंय. अर्ज पोस्टात पडायच्या आधी तिने मला दाखवला म्हणून बरं. आम्ही ते वाक्य बदलून ‘आय वाँट माय वर्क टू बी नोटिस्ड’ असं केलं. साधं आणि स्वच्छ. अर्ज, रजेचं पत्र, तक्रार यांत लाइमलाइट नको. निबंधात, बातमीत, भाषणात, गप्पांत तो खुशाल येऊ द्या. आणि स्वतःबद्दल वापरायचा झाला तर नकारार्थी वाक्यात जास्त शोभतो: ‘आय डोंट लाइक बीइंग इन द लाइमलाइट.’

सराव कसा करायचा? मी मुलांना घरी सांगते की आपल्या चाळीतला, कामावरचा, घरातला एक माणूस निवडा. तो झोतात आहे, झोतात आला, झोतातून गेला, की झोत चुकवतो, हे आधी मराठीत ठरवा. मग क्रियापद निवडा. मग अव्यय. सगळ्यात शेवटी ‘द’ आहे ना, ते बोट ठेवून बघा. चार दिवस रोज एक वाक्य, बस. शब्दकोशातली वाक्यं उतरवू नका, ती परीक्षा संपली की विसरतात.

रसवंतीवाल्या मुलाने पुढच्या मंगळवारी वही आणली. त्याच्या वस्तीत गणपतीत महाप्रसाद असतो, दोनशे-अडीचशे पानं उठतात, आणि सगळा स्वयंपाक त्याची मावशी करते. आरतीच्या वेळी सत्काराला नाव पुकारलं की ती स्वयंपाकघरात निघून जाते, पातेली घासायला. त्याने लिहिलं होतं: ‘माय मावशी कुक्स फॉर एव्हरीवन, बट शी शन्स द लाइमलाइट.’ ‘मावशी’ मी तसंच राहू दिलं. ‘द’ आधी राहून गेलेला दिसत होता. दोन शब्दांच्या मध्ये छोटा बाण काढून त्याने तो वरून घुसवला होता.